फेडोराचा नवा इन्स्टॉलर आणि नाके मुरडणारे आपण

आज सकाळी कोथरूडला एका मित्राकडे आम्ही जुने लिनक्सवाले जमलो होतो. पोहे होईपर्यंत कोणीतरी फेडोराच्या (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या एका प्रकाराच्या) नव्या इन्स्टॉलरचा, म्हणजे ती संगणकावर बसवून देणाऱ्या प्रोग्रामचा, विषय काढला आणि पुढे बराच वेळ त्या बिचाऱ्याची यथेच्छ निंदा झाली. "हा इन्स्टॉलर नाही, वेबपेज आहे." "पार्टिशन हाताने करायला जागाच ठेवलेली नाही." "लहान मुलांसाठी केलंय सगळं." आणि ज्या वाक्याने माझे डोके फिरले ते सर्वांत शेवटी आले: "ज्याला माउंट पॉइंट कळत नाही, त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊच नये." (पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग आणि माउंट पॉइंट म्हणजे असा भाग ज्या फोल्डरला जोडला जातो ते ठिकाण.) तिथे मी वाद घातला नाही, कारण दुसऱ्याच्या घरी आवाज चढवणे बरे दिसत नाही, पण इथे लिहिल्यावाचून मला राहवणार नाही.

ज्यांच्या कानावर हे प्रकरण आलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फेडोराच्या इन्स्टॉलरचे, म्हणजे ॲनाकोंडाचे, नवे रूप एप्रिल 2025 मध्ये फेडोरा 42 च्या वर्कस्टेशन आवृत्तीत आले आणि 43 मध्ये ते इतर स्पिन्समध्येही (वेगळ्या डेस्कटॉपच्या फेडोरा आवृत्त्यांमध्येही) पोहोचले. पूर्वी एका मुख्य पानावर भाषा, डिस्क, वेळ अशा चौकटी असत आणि आपण हव्या त्या क्रमाने एकेकीत जाऊन परत येत असू. आता एकामागून एक पायऱ्या येतात: डिस्क कोणती, तिचे काय करायचे, डेटा एन्क्रिप्ट करायचा (पासवर्डने कुलूपबंद करायचा) का, आणि अखेरीस ठरलेल्या सर्व गोष्टींचे एक पान. हे सारे कॉकपिट या ब्राउझरमधून संगणक सांभाळण्याच्या साधनाच्या वेब तंत्रावर बांधलेले आहे आणि लाइव्ह डेस्कटॉपवर (न बसवताच पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या फेडोरावर) फायरफॉक्समधूनच दिसते, म्हणून ते 'वेबपेज'चे टोमणे.

माझा मामा बँकेतून निवृत्त झालेला आहे, सदाशिव पेठेत राहतो आणि आपल्या गृहरचना संस्थेचा सचिव आहे. त्याचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज 11 च्या अटींत न बसणारा, आणि विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दुकानदाराने अर्थातच नवा लॅपटॉप सुचवला. मामाने अर्थातच नकार दिला. पूर्वी कधीतरी त्याने दुसऱ्या एका वितरणाचा, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराचा, इन्स्टॉलर (नाव घेत नाही) उघडून पाहिला होता आणि डिस्कच्या पानावर लिनक्स डिस्कना देते ती sda, sdb अशी नावे पाहून तो निमूटपणे बंद केला होता. या वेळी मी शेजारी बसले, पण माउसला हात लावायचा नाही, असे त्याने मला आधीच बजावले होते.

मामाचे पुढे सांगतेच, पण त्याआधी आजच्या मंडळींना एक आठवण करून द्यायची आहे. ज्या जुन्या रूपासाठी आज सकाळी उसासे टाकले गेले, ते फेडोरा 18 बरोबर जानेवारी 2013 मध्ये आले, तेही ती आवृत्ती दोनेक महिने रखडल्यानंतर. तेव्हा त्याचे स्वागत कसे झाले होते? 'पूर्ण झाले' सांगणारे बटण डावीकडे वर कोपऱ्यात का, पार्टिशनचे पान हे कोडे आहे का, क्रम काढून टाकून लोकांना वाऱ्यावर का सोडले? हे सगळे आपणच बोललो होतो, याच तावातावाने. आता तेच बटण, तेच कोडे आपल्याला सोन्याचे वाटू लागले आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स वितरणाचेही तेच. 2006 साली 6.06 आवृत्तीबरोबर आलेल्या युबिक्विटी या त्याच्या इन्स्टॉलरला 'शोभेचे खेळणे' म्हणणारे लोक 23.04 मध्ये फ्लटर या तंत्रावर लिहिलेला नवा इन्स्टॉलर आला तेव्हा युबिक्विटीसाठी गळा काढत होते. सवय झाली की आपण तिला गुणवत्ता म्हणतो, इतकेच.

आता मामा. त्याने प्रत्येक पान मोठ्याने वाचले. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती, ती यादीत दिसताच त्याने आधी ती काढून ठेवली. मग पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला आणि तो शेवटच्या पानावर आला. तिथे कोणत्या डिस्कवर काय होणार हे एकत्र लिहिलेले होते आणि बटणावरच डेटा पुसला जाणार असल्याचे स्पष्ट होते. मामाने माउस सोडला. "अगं, हे मेकर-चेकरसारखं आहे की," तो म्हणाला. ज्यांनी बँक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: नोंद करणारा एक असतो आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, त्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्यानंतर तो उठला, बाहेरची डिस्क मामीच्या संगणकाला जोडली, संस्थेच्या सभांची इतिवृत्ते आणि देखभाल शुल्काचे हिशेब खरोखर उघडतात का ते एकेक फाइल उघडून पाहिले, आणि मगच परत येऊन ते बटण दाबले. तोवर इन्स्टॉलर शांतपणे थांबून होता.

माझ्या मते इन्स्टॉलरची परीक्षा इथेच होते. मागे घेता न येणाऱ्या कृतीच्या आधी तो माणसाला थांबवतो का, आणि थांबलेल्या माणसाला काय पुसले जाणार हे समजेल असे सांगतो का? किती पर्याय दिले, याला त्यापुढे फारसे महत्त्व नाही. आपल्यासारखे लोक वर्षभर मशिनी पुसत आणि पुन्हा उभ्या करत असतात, म्हणून डिस्क पुसण्याची भीती आपल्याला उरलेली नाही. मामाने हे पान आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि कदाचित पुन्हा कधी पाहणारही नाही. पान कोणाच्या सोयीने मांडायचे, हा प्रश्न मला तरी अवघड वाटत नाही.

होय, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटण्याची पद्धत) आणि एन्क्रिप्शनची गुंतागुंतीची मांडणी करायची असेल तर आता वेगळ्या स्टोरेज एडिटरमध्ये जावे लागते आणि तो वळसा आहे; मान्य. कमी रॅमच्या यंत्रावर इन्स्टॉलरसाठी अख्खा ब्राउझर चालवणे जड जाते, हेही मान्य. पण ज्याला एकसारख्या अनेक यंत्रांवर बसवायचे आहे, त्याच्यासाठी किकस्टार्ट (आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांवरून आपोआप बसवण्याची सोय) कुठे गेलेले नाही. आणि आज सकाळी ज्याने वेगळ्या होम पार्टिशनसाठी (वापरकर्त्याच्या फाइलींच्या भागासाठी) टाहो फोडला, त्याला विचारावेसे वाटते: फेडोरा 33 पासून वर्कस्टेशनची मूळ मांडणी बीटीआरएफएस या फाइल प्रणालीची आहे, तीत होमचे सबव्हॉल्यूम (स्वतंत्र विभाग) मुळातच वेगळे असते, आणि नव्या इन्स्टॉलरमध्ये होम जपून फेडोरा पुन्हा बसवण्याचा पर्याय थेट दिलेला आहे. तुला नेमके हेच हवे होते ना? की तो पर्याय सोपा आहे, हाच त्याचा गुन्हा?

राग येतो तो याचा. उबुंटूच्या फुकट सीड्या टपालाने घरी येत, त्या आपण कॉलेजभर वाटत होतो. 2011 मध्ये सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, फेडोराची परिषद भरली, तेव्हा 'लिनक्स सर्वांसाठी' हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. आज, जेव्हा घरोघरी चांगल्या स्थितीतले लॅपटॉप केवळ विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत म्हणून भंगारात निघण्याच्या बेतात आहेत आणि लोक पहिल्यांदाच आपणहून विचारत येत आहेत, तेव्हा आपण दारात उभे राहून त्यांची माउंट पॉइंटची तोंडी परीक्षा घेणार?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. आज बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला लिनक्स शिकवले, माझे ग्रब (संगणक लावताच लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बिघडले की रात्री अकरा वाजता फोनवर बसून नीट करून दिले, आणि त्यांच्या कुरकुरीत पुष्कळदा खरी काळजी असते, हे मला ठाऊक आहे. तीच काळजी ते नेटक्या बग रिपोर्टमध्ये (दोष कळवणाऱ्या नोंदीत) मांडतील तर स्टोरेज एडिटरचा वळसाही कमी होईल.

मामाच्या संस्थेच्या कार्यालयातला संगणक अजून बाकी आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तिथे विंडोज ठेवून शेजारी फेडोरा बसवायचा आहे, म्हणजे विंडोजचे पार्टिशन आधी आकसून मोकळी जागा करावी लागेल, आणि तिथे तुमच्यासारख्या जाणकारांचा खरोखर उपयोग आहे. येत्या रविवारी दुपारी ज्यांना जमेल त्यांनी मला कळवावे. बॅकअप आधी घेतलेला असेल. माउस मात्र मामाच्याच हातात राहील.