मार्क कमी पडले म्हणून मारायचं?

आज दुपारी बडोद्याच्या रावपुऱ्यात शाळा सुटायच्या वेळेला एका आईने ॲक्टिव्हावर बसल्या बसल्या मुलाच्या हातातला पेपर ओढला, मार्क पाहिले आणि भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत दिली. एक नव्हे, दोन. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. रडलासुद्धा नाही. वर्गातलं कुणी बघत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहत राहिला. शेजारचे एक काका म्हणाले, "बराबर छे, एम ज सुधरे." बरोबर आहे, असंच सुधारतात म्हणे. तेव्हापासून डोकं ठणकतंय माझं.

कशासाठी मारलं? चोरी केली होती? कुणाला ढकललं होतं? त्याला काहीतरी येत नव्हतं, एवढंच.

ताईच्या मुलाचा किस्सा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी आज परत लिहिते. चौथीत असताना त्याने गणिताच्या पेपरावर ताईची खोटी सही केली. बेनच्या, म्हणजे वर्गाच्या बाईंच्या, लक्षात आलं, घरी फोन आला. आजोबांचा हात उठलाच होता, ताई मध्ये पडली. सहीसाठी शिक्षा ठरली: दुसऱ्या दिवशी बेनपुढे उभं राहून त्याने स्वतः सांगायचं, ताई सोबत असेल पण बोलणार नाही, आणि रविवारी क्रिकेट बंद. पोरगा खूप रडला. ती हलली नाही. पण मार्कांबद्दल एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी ती त्याची वही घेऊन बसली. ५०४ वजा २७८, आणि याचं उत्तर ३७४. जरा नीट बघा. चारातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून चार वजा केले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सात तसेच उतरवले. पाचातून दोन गेले, तीन. पानभर सगळ्या गणितांत हेच. हा निष्काळजीपणा नव्हे हो! शून्य आलं की हातचा कुठून घ्यायचा हे मागच्या इयत्तेतच निसटलं होतं, आणि पोराने आपल्यापुरता एक नियम बसवून घेतला होता. त्यावर भागाकार कसा उभा राहणार?

ताईने शंभराच्या पाच नोटा आणि चार रुपये पुढे ठेवले. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. "अगं, मग मधे नऊच उरतात!" असा ओरडला तो. २२६.

हे थोबाडीत मारून कळलं असतं? मार खाऊन पोर पेपर लपवायला शिकतं, दुसरं काही नाही.

मान्य, मोबाईल काढून घेतला तर आईवर हात उगारणारी मुलंही आहेत. त्यांना शिस्त हवीच, मी तर ताईपेक्षा कडक आहे. पण ती वागण्याला. खोटं बोललास, शिक्षा. येत नाही, तर शेजारी बसून शिकवायचं. सहीची शिक्षा आणि वजाबाकी ताईने एकमेकांत मिसळली नाही, म्हणून तर तो पुढचा पेपर स्वतःहून दाखवायला आला.

आपण बडोद्याचे. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकाला होता. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासून शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. मग फाटकाबाहेर पाऊल पडलं की चालतं का? याच कायद्यातल्या दुरुस्तीमुळे पाचवी-आठवीत आता पुन्हा नापास करता येतं, म्हणून आईबाप घाबरलेत. अहो, त्याच दुरुस्तीत जादा शिकवणं आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षाही आहे!

लिहिता लिहिता त्या बाईवरचा राग मात्र उतरलाय. तिलाही घरी गेल्यावर कुणीतरी विचारणार असेल, तुझं लक्ष कुठे असतं म्हणून. नोकरी, स्वयंपाक, ट्यूशनची फी, वेळ कुठून आणणार, हेही खरंच. तरी रोज पंधरा मिनिटं, मोबाईल दूर ठेवून. महिनोन् महिने बसूनही अक्षरं, आकडे उलटेच येत असतील तर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. लपवू नका, लाजू नका.

दांडिया बाजारच्या आसपास कुणाचं मूल वजाबाकीत, भागाकारात अडकलं असेल तर संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे पाठवा. पैसे नकोत. प्रगतिपत्रक आणू नका, रफ वही आणा, खाडाखोड केलेली.