कंसातलं 'निवृत्त'

अमेरिकेत नॉरफोकला आमच्या शेजारी एक निवृत्त चीफ राहतात. चीफ म्हणजे अमेरिकी नौदलातले चीफ पेटी ऑफिसर. आपल्याकडच्या सुभेदारासारखा माणूस, साहेब आणि जवान यांच्या मधला. २६ वर्षं त्यांनी नौदलात काढली. कॉफीचा मग ते कधी धूत नाहीत, नुसता विसळतात. आतून तो चुलीवरच्या तव्यासारखा काळा झालाय. चीफ मंडळींची ही जुनी रीत आहे, मग जितका काळा तितकी नोकरी मुरलेली.

२०२५ च्या नोव्हेंबरात अंगणातली पानं गोळा करता करता तो मग कुंपणावर ठेवून ते मला म्हणाले, "मला तो सिनेटर अजिबात आवडत नाही. पण त्याला जिथून पैसे येतात, तिथूनच मलाही येतात." चीफनी ट्रम्पना तिन्ही वेळा मत दिलंय आणि ते लपवत नाहीत. म्हणून हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं, आणि त्यामागचा प्रश्नही: निवृत्त फौजीनं सरकारवर टीका करावी की नाही?

तो सिनेटर म्हणजे ॲरिझोनाचे मार्क केली. नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले, अंतराळवीरही. लष्करात किंवा गुप्तचर खात्यात काम केलेल्या आणखी पाच लोकप्रतिनिधींबरोबर त्यांनी एक व्हिडिओ काढला. त्यात सैनिकांना सांगितलं होतं की बेकायदा हुकूम नाकारता येतो. ट्रम्प म्हणाले, हा देशद्रोह आहे आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा असते. पेंटॅगॉन म्हणालं, चौकशी करू, वेळ पडली तर सेवेत परत बोलावून कोर्ट मार्शल करू. जानेवारी २०२६ मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ठपक्याचं पत्र काढलं आणि केलींचा निवृत्तीचा हुद्दा, म्हणजे ओघानं पेन्शनही, खाली आणायची प्रक्रिया सुरू केली. केली कोर्टात गेले, फेब्रुवारीत न्यायाधीशांनी ती कारवाई तूर्त थांबवली.

आता गंमत बघा. मला वाटायचं, अमेरिकेत बोलायला मोकळीक आणि आपल्याकडे बंधनं. कायद्याच्या पुस्तकात हे जवळजवळ उलटं आहे. इथं नियमित सेवेतून पेन्शनवर गेलेला अधिकारी लष्करी कायद्यातून सुटतच नाही. त्या कायद्याच्या ८८ व्या कलमात राष्ट्राध्यक्षांबद्दल तुच्छतेचे शब्द वापरणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम सहसा वापरलं जात नाही, पण वापरलं गेलंय. १९६५ मध्ये टेक्सासातल्या एल पासोत हेन्री हाउ नावाचा सेकंड लेफ्टनंट, सुट्टीच्या वेळी, साध्या कपड्यांत, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणाविरुद्ध फलक घेऊन उभा राहिला आणि दोषी ठरला. तो अर्थात सेवेतला होता. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की, सेवेत असताना केलेले गुन्हे सोडले तर, लष्करी कायदा त्याचा हात सोडतो. तो नागरिक होतो.

पण नागरिक होतो का खरंच? पुण्यात माझ्या आत्याच्या सोसायटीत एका दारावर पितळी पाटी आहे: 'कर्नल', पुढे नाव, आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. कर्नल लांबून वाचता येतं. निवृत्त वाचायला जवळ जावं लागतं. सगळा वाद त्या दोन शब्दांच्या आकारांमधल्या फरकाचा आहे, असं मला हल्ली वाटतं.

आमचे मामा साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. २०१५ साली 'वन रँक वन पेन्शन'साठी दिल्लीला जंतरमंतरवर माजी सैनिक बसले होते, तेव्हा मामा दोन सोबती घेऊन रेल्वेनं तिथं गेले. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली पदकं बरोबर नेली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी तिथल्या म्हाताऱ्या फौजींना धक्काबुक्की करून हुसकलं, ते आम्ही इथं टीव्हीवर पाहिलं आणि मी घाबरून फोन लावला. मामा शांत होते. "अगं, पेन्शन मागाय आलोय, सरकार पाडाय न्हाई." तेव्हा आमच्या नात्यात कुणी मामांना नावं ठेवली नाहीत. उलट कौतुकच झालं.

आणि २०१९ च्या एप्रिलात दीडशेवर माजी सैनिकांच्या सह्यांचं पत्र राष्ट्रपती कोविंद यांच्या नावानं आलं. त्यात म्हटलं होतं की प्रचारात सेनेचा वापर थांबवा, तिला कुणा नेत्याची सेना म्हणू नका. निमित्त होतं योगी आदित्यनाथांच्या 'मोदीजी की सेना' या शब्दांचं. तेव्हा त्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर 'हे विकले गेलेले' अशी बोंब उठली. सह्यांतल्या एक-दोन माजी प्रमुखांनी आपण संमती दिली नव्हती असं सांगितलं, तर बाकीच्या पत्रालाही खोटं ठरवायला तेवढं पुरलं. त्या यादीत ॲडमिरल रामदास होते. १९७१ चं वीरचक्र मिळवलेले, १९९० ते ९३ नौदलप्रमुख राहिलेले, नंतर अलिबागजवळ शेती करणारे. त्यांचा ग्रुपवर 'तो कोण रामदास' असा उल्लेख झाला. मामांनी त्यावर काहीच लिहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले होते.

म्हणजे आपल्या पोटाचं मागितलं तर चालतं, देशाचं बोललं तर चालत नाही. आणि बाजूनं बोललं तर सगळंच चालतं. जनरल व्ही. के. सिंग मे २०१२ मध्ये लष्करप्रमुखपदावरून उतरले, सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीच्या सभेत मोदींच्या मंचावर होते, पुढच्या वर्षी खासदार आणि मंत्री झाले. बेकायदा काहीच नाही. पण सोळा महिन्यांत गणवेश ते मंच, यावर आमच्या घरात चकार शब्द निघाला नव्हता, माझ्याही तोंडून नाही. अमेरिकेत निदान संरक्षणमंत्री होण्याआधी गणवेश उतरवून सात वर्षं, जनरल असेल तर आता दहा, जावी लागतात. नाहीतर संसदेनं खास सवलत द्यावी लागते, आणि तीही मॅटिस आणि ऑस्टिन या निवृत्त जनरलांना मिळालीच म्हणा. तारीफ करणाऱ्यांचं इथलं प्रकरण तर २००८ मध्ये उघडं पडलं. इराक युद्धाची टीव्हीवर तरफदारी करणाऱ्या निवृत्त जनरलांना पेंटॅगॉन आतून मुद्दे पुरवत होतं, आणि त्यांतल्या अनेकांचे संरक्षण कंत्राटदारांशी संबंध होते. आपल्याकडे रात्री नऊ वाजता भरदार मिशांचे जे साहेब शत्रूला दम देत असतात, त्यांच्याबद्दल असा शोध कुणी घेतलेला माझ्या पाहण्यात नाही.

तर टीका करावी की नाही? २०२० च्या १ जूनला व्हाइट हाउससमोरच्या चौकातून निदर्शकांना हाकललं, मग ट्रम्प चर्चसमोर फोटो काढायला चालत गेले आणि सेनादलांचे प्रमुख जनरल मिली लढाईच्या गणवेशात त्यांच्याबरोबर निघाले. दहा दिवसांनी मिलींनी 'मी तिथं असायला नको होतं' अशी जाहीर माफी मागितली. पण त्याआधी, ३ जूनला, जनरल मॅटिस बोलले. ट्रम्प यांचे पहिले संरक्षणमंत्री. डिसेंबर २०१८ मध्ये सीरियातून सैन्य काढण्यावरून राजीनामा दिला आणि दीड वर्ष जवळजवळ गप्प बसले. मग लिहिलं की देशाला एकत्र आणायचा प्रयत्नसुद्धा न करणारा हा आपल्या हयातीतला पहिला राष्ट्राध्यक्ष. चीफ तेव्हा म्हणाले होते, "मॅटिसना मी मानतो. पण हे राजीनाम्याच्या दिवशी बोलायचं होतं."

मला तेव्हा चीफचं पटलं नव्हतं, अजूनही पुरतं पटत नाही. दीड वर्षाच्या गप्प बसण्यामुळेच मॅटिस यांच्या शब्दांना धार होती. चीफचं म्हणणं मी निवृत्त जनरल जॉन केलींना लावीन (हे सिनेटर केली नव्हेत). ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे तिथला कारभार पाहणारे मुख्य अधिकारी, म्हणून त्यांनी जे पाहिलं, ते ठसठशीतपणे सांगितलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, मतदानाला दोन आठवडे उरले असताना. साक्षीदार पाच वर्षांनी कोर्टात आला की वकील आधी तारीखच विचारतो.

आणि पक्षाच्या मंचावर चढणाऱ्यांचं, सह्यांच्या याद्या काढणाऱ्यांचं तर काय सांगावं! २०१६ मध्ये एका पक्षाच्या अधिवेशनात फ्लिन, दुसऱ्याच्या अधिवेशनात ॲलन, दोघेही निवृत्त जनरल. त्यावर माजी सेनादलप्रमुख डेम्प्सी यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून दोघांनाही सुनावलं की लष्कर हे राजकारण्यांनी जिंकायचं बक्षीस नव्हे. फरक काही पडला नाही. मे २०२१ मध्ये १२४ निवृत्त जनरल-ॲडमिरलांनी पत्र काढून निवडणुकीवरच शंका घेतली, आणि बायडेन यांच्या मानसिक तब्येतीवरही. आता राष्ट्राध्यक्षांची स्मरणशक्ती तपासायला तोफखान्यातला अनुभव काय कामाचा? तिथं हुद्दा फक्त तराजूत टाकायला होता.

माझं मत इथवर आलंय: निवृत्त अधिकाऱ्यानं साक्ष द्यावी, वजन टाकू नये. स्वतः पाहिलेलं, ज्या विषयात हयात गेली त्यातलं, स्वतःच्या नावानं. सैनिक नागरिकांवर घालायचे का, प्रचारात सेनेचा फोटो वापरायचा का, हे त्याचं क्षेत्र. मत कुणाला द्यायचं हे त्याच्या पाटीवरच्या कंसाबाहेरचं. निवडणुकीच्या तोंडावर तर गप्पच बसावं, असंही मी पूर्वी त्यात जोडत असे.

ते शेवटचं कलम मी कोल्हापूरकर जनरल थोरातांमुळे काढून टाकलं. लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीन नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कसा उतरेल, किती फौज लागेल, कुठली ठाणी पडतील, हे त्यांनी १९५९-६० मध्ये मांडलं, लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवलं. मेननना ते भीतीपोटी केलेलं वाटलं. थिमय्यांनी आधीच १९५९ मध्ये राजीनामा देऊन नेहरूंच्या शब्दावर तो मागे घेतला होता, आणि नेहरूंनी नंतर संसदेत त्यांनाच कमी लेखलं होतं. १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले.

फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत निवडणूक लागली: कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. प्रचाराचा मुद्दाच मुळी चीन आणि संरक्षण. मेनन दणदणीत मतांनी निवडून आले. समजा त्या जानेवारीत थोरातांनी मुंबईच्या एखाद्या दैनिकात लिहिलं असतं की, मी असा असा आराखडा दिला होता, तो बाजूला ठेवला गेला. लोक म्हणाले असते, निवडणुकीत ढवळाढवळ. माझ्या जुन्या कलमाप्रमाणे मीही म्हणाले असते. गुपितं फोडली म्हणून खटलाही झाला असता कदाचित. ऑक्टोबरात चीन आला, जवळपास थोरातांनी सांगितलं होतं तसाच. मग नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. हे मला का दाखवलं नाही, असं नेहरूंनी विचारल्याचं थोरातांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलंय.

थोरात बोलले असते तर मतदारांनी ऐकलं असतं असं नाही. मेनन कदाचित तरीही जिंकले असते. पण मुंबईच्या मतदारासमोर तो कागद नव्हता, आणि ज्याच्याकडे होता तो शिस्तीचा माणूस होता. मॅटिस यांच्यावर रागावणाऱ्या चीफना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी मगातली उरलेली कॉफी गवतावर ओतली आणि विचारलं, "मग त्या जनरलनं काय केलं?" म्हटलं, पुस्तक लिहिलं, बऱ्याच वर्षांनी.

आता तेही सोपं राहिलेलं नाही. पुण्याचे जनरल मनोज नरवणे एप्रिल २०२२ पर्यंत लष्करप्रमुख होते. त्यांच्या आठवणींतले काही उतारे डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर आले. लडाखमधली, चीनशी आमनेसामने आलेली ३१ ऑगस्ट २०२० ची रात्र, अग्निपथ योजनेनं सेनादलांना बसलेला धक्का. आणि पुस्तक तपासणीत अडकलं. मधल्या काळात त्यांची एक लष्करी रहस्यकथा मात्र छापून आली. रचलेलं चालतं, घडलेलं तपासावं लागतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये राहुल गांधी त्या न छापलेल्या पुस्तकातलं लोकसभेत वाचायला उठले आणि सभागृहात गदारोळ झाला. एवढ्या सगळ्यात नरवणे स्वतः सरकारविरुद्ध जाहीरपणे बोलले नव्हते. त्यांनी फक्त लिहून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मामांचा फोन आला. आता ऐंशीकडे झुकलेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे ओरडूनच बोलतात.

"जनरलसाहेबांचं पुस्तक तिकडं मिळतंय का गं? इथं सातारला दोन दुकानं फिरलो."

"नाही मामा, इकडंही नाही."

"काय?"

"नाही म्हटलं. छापलंच नाही अजून."

"बरं बरं," मामा म्हणाले. "आलं की पाठव. मोठ्या अक्षरातलं बघ."