संकर म्हणायला काय जातं?

नमस्कार. फ्लॉरेन्सच्या ‘बिझारिया’ या लिंबूवर्गीय झाडावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “सरळ ‘महाळुंग आणि कडू संत्र्याचा संकर’ म्हणायचं सोडून उगाच फाटे फोडलेत. एकदा फळ गुळगुळीत म्हणता, एकदा खडबडीत. नेमकं आहे तरी कसं? चवीचं तर अक्षर नाही. आणि बी कुठे मिळेल?”

आधी संकराचं बोलू. हिवाळ्यात हातगाड्यांवर किन्नोचे ढीग लागतात, तो खरा संकर. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला एच. बी. फ्रॉस्ट यांनी 1915 मध्ये किंग आणि विलो लीफ या दोन मँडरिन जातींपासून तो केला, 1935 मध्ये तो लागवडीला मिळाला. एकाच्या फुलावर दुसऱ्याचा पराग. त्यामुळे सालीतली पेशी घ्या नाहीतर फोडीतली, तिच्यात आई-बाप दोन्ही असतात. किन्नोचं वर्णन म्हणूनच दोन ओळींत उरकतं.

बिझारियात परागाचा संबंधच नाही. 1644 मध्ये ते झाड ज्या माळ्याकडे आलं त्याची हकीकत डार्विननेही दिली आहे: रोपावर कलम केलं, कलम मेलं, मग खुंट फुटला आणि त्यातून हे निघालं. विदर्भातल्या बागायतदाराला हे चटकन कळेल. जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला की खुंटावरचे फुटवे आपण दिसतील तसे काढतो, कारण त्यांना जंबेरीच लागणार. इथे फुटवा ऐन जोडावर आला असणार, जिथे दोन्ही झाडांच्या पेशी एकमेकींना चिकटून होत्या. त्या एकाच फांदीत वाढल्या, पण महाळुंगाची पेशी महाळुंगाचीच राहिली आणि संत्र्याची संत्र्याची. याला कायमेरा म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी 1907 मध्ये टोमॅटो आणि कामोणीच्या कलमातून असंच रोप मिळवलं, तेव्हा कुठे या प्रकाराचा उलगडा व्हायला लागला. त्याआधी मोठमोठे लोक याला कलमातून झालेला संकरच समजत होते, तेव्हा तुम्ही तसं म्हणालात यात नवल नाही. पण मी ते आज लिहिणार नाही.

आता गुळगुळीत की खडबडीत? अहो, दोन्ही, आणि तेही एकाच झाडावर. काही फळं निव्वळ कडू संत्री, काही निव्वळ महाळुंग, आणि काही मिसळीची. मिसळीच्या फळावर नारिंगी साल सरळ चाललेली असते आणि मध्येच पिवळा, गाठाळ पट्टा फुगून वर येतो. शेजारचं दुसरं फळ तसंच असेल याची खात्री नाही. पानांचंही तेच: कडू संत्र्याच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पाती असते, महाळुंगाच्या देठाला नसते. या झाडावर दोन्ही तऱ्हा सापडतात. एकच फळ बघून मी ‘असं असतं’ लिहिलं असतं, तर ते वर्णन त्या एका फळाचं झालं असतं.

चव मुद्दाम टाळली. महाळुंगाची जाड पांढरी साल आणि जेमतेम रस, कडू संत्र्याचा कडवट आंबट रस. घास कुठल्या भागाचा, त्यावर सगळं. तसंही श्रीमंतांच्या बागांत हे झाड दाखवायलाच ठेवत, खायला नव्हे.

आणि बी मागू नका. बी पेरून हे दुहेरी झाड उतरत नाही. फांदी लावूनच ते पुढे न्यावं लागतं, आणि त्या फांदीत दोन्ही पेशी असाव्या लागतात.