शेपटीचं अक्षर

जुना लॅपटॉप सकाळी चालू करून मी आंघोळीला जायचो आणि पूजा उरकून आलो तरी तो आपला गोल गोल फिरतोच आहे, त्यामुळे नवा घ्यायचा हे घरात एकमताने ठरलं. माझं काम तरी काय, टॅली, एक्सेल, मेल आणि कधीच बंद न केलेले वीस-बावीस टॅब. म्हटलं पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊ, घेऊ, येताना मिसळ खाऊ.

त्याआधी प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, कुठला घ्यावा हे विचारायला साडूभाऊंना फोन केला ती चूक झाली. "इंटेलच्या आय सेव्हनच्या खाली बघूच नका हो, आमच्याकडे २०१५ पासून आय सेव्हन आहे!" झालं, बहिणीकडे आय सेव्हन आहे म्हटल्यावर बायकोनेही आय सेव्हनच धरून ठेवला.

मग भाच्याने शिकवणी घेतली. "मामा, थ्री, फाइव्ह, सेव्हन सोड, पुढचा नंबर वाच. आय थ्री १२१५यू, म्हणजे बारावी पिढी." बारावी! आमच्या घराण्याचं सहाव्या पिढीपुढे कुणालाच काही सांगता येत नाही. "आणि शेवटचं अक्षर बघायचंच. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी टिकते. एच म्हणजे ४५ वॅटचा, गेम खेळणाऱ्यांचा, त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो." तेव्हा कुठे ट्यूब पेटली, अहो हा तर सातबारा! वर गट नंबर, क्षेत्र सगळं झकास आणि इतर हक्कात हळूच सोसायटीचा बोजा.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा उतारा तर त्याहून अवघड निघाला. ७५२०यू मधला सात म्हणजे २०२३ चं मॉडेल, पण तिसरा आकडा दोन म्हणजे आतली रचना झेन टू, ती २०१९ ची. शेजारचा ७५३०यू घेतला तर झेन थ्री. म्हणजे फेरफार नवा, जमीन जुनी! आणि एवढं सगळं पाठ करतोय तोवर कळलं की इंटेलने २०२३ च्या शेवटी नवीन चिपांच्या नावातून तो आयच काढून टाकलाय, आता नुसतं कोअर किंवा कोअर अल्ट्रा म्हणायचं. म्हणा.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, यूज काय आहे?"

"ऑफिसचं काम."

"मग हा घ्या, गेमिंग एक नंबर होतं."

"अरे मला एक्सेल वापरायचंय."

"एक्सेल पण चालेल," तो जरा दयेनेच म्हणाला.

भाचा मात्र ठाम. ऑफिसच्या कामाला आय थ्री १२१५यू बास झाला, उरलेले पैसे १६ जीबी रॅमवर घाल, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे ना तेवढं बघ. आणि मग त्याने जे सांगितलं त्याने माझा आठवडा सोन्याचा झाला: साडूभाऊंचा आय सेव्हन ५५००यू आहे, त्यात कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात, दोन. माझ्या आय थ्रीत सहा! दोन जोरदार, चार काटकसरी, पण सहा म्हणजे सहा. मी तिथल्या तिथे पैसे दिले.

आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू होतो, आंघोळीला जायची सोय राहिली नाही. सहा कोअरचं मी बायकोला तीनदा समजावलं, तिने तिन्ही वेळा मान डोलावली. काल बघतो तर कीबोर्डखालच्या आय थ्रीच्या स्टिकरवर छोटासा गणपती चिकटवलेला. गौरी जेवायच्या दिवशी साडूभाऊ सहकुटुंब येणारेत.