तिशीनंतर बुद्धिबळ सुधारत नाही? कोण म्हणतं?

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: बुद्धिबळ हा उपजत बुद्धीचा खेळ, लहानपणी पट हातात आला नाही तर विषय संपला, मोठ्यांनी फक्त भरपूर डाव खेळत राहावं, आणि रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) अडकलं की समजावं, मर्यादा आली. हे वाचून लोक खेळ सोडतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘उपजत बुद्धी.’ १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून झाकला. खऱ्या डावातली स्थिती असली की मास्टर बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडायचा, नवशिक्याला चार-पाचच जमायची. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली की मास्टरची आघाडी जवळपास संपायची. म्हणजे त्याच्याकडे होता तो ओळखीच्या रचनांचा साठा, आणि साठा कमावता येतो. बुद्ध्यांकाचा संबंध आहे, पण माफक.

‘वय.’ लवकर सुरुवात करणाऱ्याला फायदा होतो, हे मान्य. पण ग्रँडमास्टर (सर्वोच्च किताब) होण्याची अट १२०० रेटिंगवरून १५०० ला जाणाऱ्याला कशाला? त्या पातळीवर डाव जातात ते बहुतेक फुकट दिलेल्या घोड्या-उंटांमुळे. चाल करण्याआधी समोरचा कुठे शह देऊ शकतो, कुठलं मोहरं मारू शकतो हे तपासायची सवय चाळिशीतही लागते.

‘भरपूर खेळा.’ सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो. संशोधक नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात रेटिंगशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते एकट्याने बसून केलेल्या अभ्यासाचं. नुसतं खेळत राहण्यातला धोका २००८ मधल्या एका प्रयोगावरून ओळखता येतो. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या संशोधकांनी अनुभवी खेळाडूंना अशी स्थिती दिली, जिच्यात वजिराचा बळी देऊन घोड्याने कोंडून मात करण्याची प्रसिद्ध युक्ती होती, आणि तिच्याहून कमी चालींत होणारी मातही होती. युक्ती सापडल्यावर ‘आणखी चांगलं शोधतोय’ असं ते मनापासून सांगत होते. नजर टिपणारं यंत्र मात्र डोळे त्याच जुन्या घरांवर घुटमळताना दाखवत होतं. पहिली सुचलेली चाल मन असं अडकवून ठेवते. तीन मिनिटांचे डाव एकामागून एक खेळताना आपण नेमकी हीच खोड पक्की करतो. हरल्याचा राग, लगेच पुढचा डाव, पुन्हा तीच चूक.

त्याऐवजी रोज एकच संथ डाव खेळा. हरलात तर इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) उघडण्याआधी, डाव फिरला त्या चालीपाशी तेव्हा काय विचार केला होता ते दोन ओळींत लिहा. इंजिन चूक दाखवतं. ती का झाली हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

राहिलं ‘रेटिंग अडकलं म्हणजे मर्यादा आली’. एलोच्या, म्हणजे रेटिंग ज्यावरून काढतात त्या, गणितानुसार रेटिंग १००ने कमी असलेला खेळाडूही शंभर डावांत सुमारे ३६ गुण मिळवतो (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). त्यामुळे अशा खेळाडूकडून लागोपाठ दोन डाव हरलात, तरी त्यावरून तुमच्या मर्यादेबद्दल काहीच कळत नाही.