दाढ माझी, खड्डाही माझाच

दाढ काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तक्रारी तीन. टाक्यांची माहिती अर्धवट आहे, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर एक ओळ नाही, आणि ‘डॉक्टर नसताना ज्ञान पाजळू नये, आमच्या आजीने दाढ काढल्यावर लगेच मिठाच्या गुळण्या केल्या, काही झालं नाही.’

टाक्यांचं मान्य. विरघळणारे टाके काढायला जावं लागत नाही. दुरुस्ती केली आहे.

पण ‘ज्ञान पाजळू नये’? ही काय बोलायची रीत झाली? अहो, मीही तुमच्या आजींसारख्या लगेच गुळण्या केल्या होत्या. २०१९ साली खालची अक्कलदाढ काढली. २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडाला रक्ताची चव येत होती म्हणून मी शहाण्याने संध्याकाळीच बेसिनपाशी उभं राहून खळाखळा गुळण्या केल्या. काळपट लाल, बुळबुळीत गुठळी बाहेर पडली. वाटलं, घाण गेली. ती घाण नव्हती, खड्ड्यावरचं झाकण होतं. तिसऱ्या रात्री ठणका पार कानात. आरशासमोर बॅटरी धरून पाहिलं तर खड्ड्यात पांढरट हाड. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरली, तेव्हा कुठे डोळा लागला. पुढे आठवडाभर मऊभात आणि गार ताक.

हे पाजळलेलं ज्ञान नाही, भोगलेलं आहे.

आणि मिठाच्या कोमट पाण्याला मी नावं ठेवलेलीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वापरा, तोंडात हलकेच घोळवा आणि मान वाकवून आपोआप गळू द्या, पिचकारी मारू नका, असं लिहिलंय. स्ट्रॉ, विडी, सिगारेट नको म्हटलं तेही त्या गुठळीपायीच. पण त्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो.

मधुमेह, गोळ्या वगैरे ज्याने त्याने दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं असतं. एका लेखात मी किती कोंबणार?

तुमच्या आजींबद्दल मला आदरच आहे. फक्त त्यांची दाढ वरची होती की खालची, तेवढं कळवा. ड्राय सॉकेटचा त्रास खालच्या अक्कलदाढेला जास्त होतो. आणि कळवताना खाली नाव लिहिलंत तर बरं.