खटला हरला म्हणून वाचला

जुन्या सिनेमांच्या गप्पांत 'मार्तंड वर्मा' या मल्याळम मूकपटाचा विषय निघाला की सगळे निर्मात्यासाठी हळहळतात. मी प्रकाशकाच्या बाजूचा आहे.

'मार्तंड वर्मा' ही मुळात सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची 1891 सालची कादंबरी, मल्याळममधली पहिली ऐतिहासिक कादंबरी. केरळातल्या त्रावणकोर संस्थानाच्या गादीवरून चाललेली कारस्थानं, जीव वाचवत फिरणारा युवराज मार्तंड वर्मा, वेड्याचं सोंग घेऊन त्याच्या मदतीला धावणारा अनंतपद्मनाभन. पडद्यासाठी आयता मसाला! आर. सुंदरराज यांनी 1933 मध्ये त्यावर मूकपट काढला, दिग्दर्शक पी. व्ही. राव. पण कादंबरीचे हक्क होते कमलालय बुक डेपो या प्रकाशकाकडे. प्रकाशक कोर्टात गेला आणि जिंकला. सिनेमा थिएटरातून उतरला, प्रिंट प्रकाशकाच्या ताब्यात गेली. 1974 मध्ये ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली, म्हणून आज बघता येते.

आता समजा, निर्माता जिंकला असता. काय झालं असतं? प्रिंट गावोगाव फिरली असती, ओरखडे पडून झिजली असती आणि शेवटी फिल्मवरची चांदी काढायला भंगारात गेली असती. त्या काळातल्या कित्येक रिळांचं हेच झालं. 'आलम आरा' बघायला लोकांनी झुंबड केली, आज त्याचं रीळ नाही. आपल्या बाबूराव पेंटरांच्या 1925 च्या 'सावकारी पाश'चं कौतुक आपण अजून करतो, पण तो मूकपट बघणार कुठे? 'मार्तंड वर्मा' मात्र खटल्यानंतर कुणी चालवलाच नाही, म्हणून टिकला.

प्रकाशकाने काही कलेच्या प्रेमापोटी सांभाळला नसेल, कबूल. चटकन पेट घेणारी नायट्रेटची फिल्म इतकी वर्षं पेटली नाही हे नशीबच. पण कादंबरी उचलायची तर हक्क घ्यावेत, हे म्हणणं 1933 मध्येही चूक नव्हतं. आज वेबसिरीजवाल्यांना तरी कुठे कळलंय?

सिनेमा म्हणाल तर अभिनय पार नाटकी. मला आवडते ती त्यात घातलेली राजाच्या मिरवणुकीची खरीखुरी दृश्यं. गोष्ट अठराव्या शतकातली आणि मिरवणूक त्रावणकोरचे शेवटचे महाराज चित्तिरा तिरुनाळ यांची, म्हणजे थेट विसाव्या शतकातली! कथेच्या दृष्टीने सरळ गफलत, पण सगळ्यात जिवंत भाग तोच.

पुण्यातल्या एखाद्या महोत्सवाने हा लावावा, शेजारी चेंडा हा केरळी ढोल वाजवणारे बसवावेत. तिकीट काढून येतो. फक्त आभाराच्या पाटीवर बुक डेपोचं नाव असू द्या.